लेक्टिन: नाव एक, कुळं अनेक
(वनस्पतींमधल्या प्रथिनांची कुळं क्रम, रचना आणि कार्य यांवरून कशी ठरवतात)



मागच्या व्याख्यानात आपण बियांमध्ये प्रथिनं कशी साठवली जातात ते पाहिलं. ते संपल्यावर एक बाई पुढे आल्या आणि त्यांनी मोबाइलवर आलेला एक निरोप मला दाखवला. डाळी, शेंगदाणे, गहू, टोमॅटो या सगळ्यांत 'लेक्टिन' नावाचं विष असतं, असं त्यात लिहिलं होतं. आणि पुरावा म्हणून पुढे एक ओळ होती: रिसिन हे जगातलं अत्यंत जहाल विष आहे, आणि तेही लेक्टिनच आहे. बाई म्हणाल्या, "सर, आठ दिवस झाले, घरात आमटी केलेली नाही. सुनेला दिवस गेलेत. काय करू?"

आता गंमत अशी, की त्या निरोपातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट सुटी सुटी घेतली तर खरी आहे. डाळींत लेक्टिन असतं, खरं. टोमॅटोत असतं, खरं. रिसिन लेक्टिन आहे, हेही खरं. चूक आहे ती शेवटच्या उडीत. दोन गोष्टींना एकच नाव आहे म्हणून त्या एकाच जातीच्या, असं तिथे धरून चाललेत. म्हणून म्हटलं, आजचा विषय हाच घेऊ. प्रथिनांना नावं कशी पडतात, त्यांची कुळं कशी ठरवतात, आणि ती नीट ठरवली नाहीत तर काय घोटाळा होतो.

एक साधी गोष्ट मनात ठेवा, ती आज शेवटपर्यंत उपयोगी पडेल. आपल्याकडे गावोगाव पाटील असतात. 'पाटील' हे मुळात कामाचं नाव, गावचा कारभार बघणारा तो पाटील. म्हणून कोल्हापूरकडचे पाटील आणि खानदेशातले पाटील एकमेकांचे भाऊबंद असतीलच असं नाही. उलट एखाद्या घरात एक भाऊ पाटील लावतो, दुसरा गावाचं नाव लावतो, पण दोघं सख्खे. आणि आज पाटील आडनावाचा माणूस बँकेत कॅशियर असतो, कारभाराशी त्याचा संबंध नसतो. प्रथिनांचं अगदी असंच आहे. 'लेक्टिन' हे कामावरून पडलेलं आडनाव आहे.

नाव कसं पडलं

काम कोणतं, ते आधी बघू. आपल्या पेशींच्या पृष्ठभागावर साखरेच्या लहान लहान साखळ्या असतात, झाडाला पालवी असावी तशा. काही प्रथिनं ठरावीक साखर ओळखून तिला धरतात. ती तिला तोडत नाहीत की बदलत नाहीत, नुसती धरतात आणि सोडतात. अशा प्रथिनांना लेक्टिन म्हणायचं. एका लेक्टिनला असे दोन-चार हात असतील तर ते एका हातानं एक पेशी धरतं, दुसऱ्या हातानं दुसरी. मग लाल पेशींची गुठळी होते. परीक्षानळीत हे नुसत्या डोळ्यांना दिसतं.

ही गुठळी पहिल्यांदा नीट नोंदवली १८८८ साली पीटर हेरमान श्टिलमार्क या विद्यार्थ्यानं. गाव डोर्पाट, म्हणजे आजच्या एस्टोनियातलं टार्टू. तो अभ्यास करत होता एरंडीच्या बियांचा. त्यांच्या अर्कातल्या प्रथिनानं लाल पेशी एकमेकींना चिकटतात असं त्याला दिसलं. त्या प्रथिनाला त्यानं नाव दिलं रिसिन. लवकरच गुंजेच्या बियांतून अॅब्रिन मिळालं. हीच ती आपली सोनाराच्या तराजूतली लाल-काळी गुंज.

१९१९ मध्ये जेम्स समनर यांनी जॅक बीन या शेंगेतून, म्हणजे आपल्या अबईच्या अगदी जवळच्या नातलगातून, एका प्रथिनाचे स्फटिक मिळवले. त्याचं नाव कॉनकॅनॅव्हलिन ए. आपण त्याला कॉन-ए म्हणू. १९३६ मध्ये समनर आणि हॉवेल यांनी दाखवलं, की त्यामुळे होणारी गुठळी उसाच्या साखरेनं थांबते. म्हणजे हे प्रथिन साखरेलाच धरत होतं.

पुढे लक्षात आलं, की काही बियांचे अर्क माणसाचा रक्तगट ओळखतात. यात आपल्या कुळथाला मोठा मान आहे. जी. डब्ल्यू. जी. बर्ड यांनी १९५१ मध्ये 'करंट सायन्स' या नियतकालिकात कुळथाच्या अर्काबद्दल लिहिलं. तो अर्क ए गटाच्या पेशींची गुठळी करतो. आणि योग्य तेवढा पातळ केला तर ए१ या उपगटाच्या पेशी धरतो, ए२ च्या सोडून देतो. रक्तपेढ्यांत ए१ तपासायला कुळथाचं लेक्टिन आजही वापरतात. ज्याचं आपण पिठलं करतो, तोच हा कुळीथ.

अशी 'निवड' करणारी प्रथिनं, म्हणून १९५४ मध्ये विल्यम बॉइड आणि एलिझाबेथ शॅपली यांनी 'निवडणे' या अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून लेक्टिन हा शब्द बनवला. बघा, नाव कामावरून पडलं. ते देताना या प्रथिनांचं आपसात नातं काय, हे कुणालाच माहीत नव्हतं.

पहिली मांडणी: कोण कोणती साखर धरतं

मग वर्गीकरण सुरू झालं, आणि स्वाभाविकच ते साखरेवरून झालं. मॅनोज धरणारी एका खणात, गॅलॅक्टोज धरणारी दुसऱ्या, फ्यूकोज धरणारी तिसऱ्या. प्रयोगशाळेत ही मांडणी फार सोयीची, आणि आजही लोक ती वापरतात. तुम्हाला गॅलॅक्टोज शोधायची असेल तर तो खण उघडायचा, झालं.

पण या खणांत डोकावून बघा. कॉन-ए मॅनोजच्या खणात. शेंगदाण्याचं लेक्टिन गॅलॅक्टोजच्या. कुळथाचं एन-अॅसिटिल गॅलॅक्टोजअमाइनच्या. युरोपात गॉर्स नावाचं पिवळ्या फुलांचं काटेरी झुडूप असतं, त्याचं लेक्टिन फ्यूकोजच्या. चौघं चार खणांत. आणि ही चौघं सख्खी-चुलत भावंडं आहेत! चारही शेंगवर्गीय वनस्पतींची, चारही एकाच मूळ प्रथिनापासून आलेली.

आता उलट बघा. मॅनोजच्या खणात कॉन-एच्या शेजारी लसणाचं लेक्टिन बसलंय, आणि त्याच्या शेजारी फणसाच्या आठळीतलं आर्टोकार्पिन. काम तिघांचं एक, पण नातं तिघांचं काहीच नाही. गॅलॅक्टोजच्या खणात तर शेंगदाण्याचं लेक्टिन आणि फणसाचं जॅकलिन हे दोघंही एकच जोडसाखर ओळखतात. तिला टी-प्रतिजन म्हणतात, आणि काही कर्करोगांच्या पेशींवर ती उघडी पडलेली दिसते. म्हणून दोघांचाही संशोधनात वापर होतो. पण कुळं दोन वेगळी.

म्हणजे साखरेवरून केलेल्या मांडणीनं भाऊ वेगळे केले आणि परके एकत्र बसवले. पाटलांची यादी केली, वंशावळ नाही केली.

दुसरी मांडणी: क्रम वाचणं

वंशावळ करायची तर कागदपत्रं लागतात. प्रथिनांचा दस्तऐवज म्हणजे त्यांतल्या अमिनो आम्लांचा क्रम. वीस प्रकारचे मणी, आणि त्यांची एक लांब माळ. दोन प्रथिनांच्या माळा एकाखाली एक ठेवायच्या, कुठे मणी जुळतात ते मोजायचं. मध्ये एखादा मणी गळला असेल किंवा जास्तीचा ओवला गेला असेल तर तिथे मोकळी जागा सोडायची. याला क्रम जुळवणं म्हणतात. आज संगणक हे लाखो प्रथिनांशी क्षणात करतो. त्यासाठीचा 'ब्लास्ट' हा कार्यक्रम १९९० मध्ये आला.

ढोबळ हिशेब असा. शंभराहून जास्त मण्यांच्या लांबीत तीस टक्क्यांहून जास्त मणी जुळले, तर नातं आहे असं बहुधा धरता येतं. वीस-पंचवीस टक्क्यांच्या आसपास आलो की संधिप्रकाश सुरू होतो: माणूस दिसतोय, पण ओळखीचा की अनोळखी ते सांगता येत नाही. त्याहून कमी म्हणजे अंधार. पण अंधार आहे म्हणजे नातं नाही, असंही नाही.

यावर एक उपाय आहे. दोनच माळा न जुळवता अख्ख्या कुटुंबाच्या माळा एकाखाली एक मांडायच्या. मग दिसतं, की काही जागी मणी कुणाच्यातही बदललेला नाही आणि काही जागी वाट्टेल तो चालतो. जो बदलत नाही तो काहीतरी महत्त्वाचं काम करत असणार. लसूण आणि स्नोड्रॉप यांच्या कुळात साखर धरण्याच्या जागी ग्लुटामिन, अॅस्पार्टिक आम्ल, अॅस्पॅराजिन, व्हॅलिन, टायरोसिन असे पाच मणी एक-एक जागा सोडून येतात. ती त्या कुळाची खूण. अंगावर तीळ असावा तशी. अशा खुणांचे कौटुंबिक नमुने करून ठेवणारे संग्रह आहेत. 'पीफॅम' हा त्यांतला सर्वांत परिचित.

पण क्रमसुद्धा कधीकधी चकवतो, आणि याचं सर्वांत सुंदर उदाहरण आपलं कॉन-एच आहे. शेंगवर्गीय लेक्टिनांचे क्रम वाचले गेले, तेव्हा बाकी सगळी एकमेकांशी सुरुवातीपासून शेवटपर्यंत जुळली. कॉन-ए मात्र जुळेना. मग १९७९ मध्ये कनिंगहॅम, हेम्परली आणि एडेलमन वगैरेंनी बाकल्याच्या लेक्टिनशी त्याची तुलना केली. कॉन-एची सुरुवात बाकल्याच्या लेक्टिनच्या मध्याशी जुळली, आणि कॉन-एचा मध्य बाकल्याच्या सुरुवातीशी. जणू कुणीतरी माळ मध्ये तोडून मूळची दोन टोकं एकत्र बांधली होती.

सगळ्यांना वाटलं, जनुकातच उलथापालथ झाली असणार. पण १९८५ मध्ये कळलं, की जनुक अगदी सरळ आहे, इतर भावंडांसारखंच. बी पोसत असताना, प्रथिन तयार झाल्यावर, वनस्पतीचं एक विकर ते मध्ये कापतं आणि जुनी टोकं जोडून टाकतं. म्हणजे तयार प्रथिनाचा क्रम आणि जनुकावरून वाचलेला क्रम, या दोन गोष्टी वेगळ्या निघाल्या. जनुक वाचून 'प्रथिन कळलं' म्हणणाऱ्यांनी हे कायम लक्षात ठेवावं.

तिसरी मांडणी: घडी बघणं

आता माळ काही सरळ लोंबत नाही. तिची घडी पडते. आणि घडी क्रमापेक्षा जास्त टिकाऊ असते. वाड्यातल्या विटा, फरशा, खिडक्या दोनशे वर्षांत सगळ्या बदलल्या तरी मधला चौक आणि चौसोपी आखणी तशीच राहते ना, तसं. म्हणून क्रमाचा प्रकाश संपतो तिथे घडी उपयोगी पडते.

घडी बघायची म्हणजे प्रथिनाचे स्फटिक करायचे, त्यांवर क्ष-किरण टाकायचे आणि किरण कसे विखुरतात त्यावरून प्रत्येक अणूची जागा काढायची. कॉन-एची घडी १९७२ मध्ये कळली: पट्ट्यांच्या दोन चादरी एकमेकींवर ठेवलेल्या, सँडविचसारख्या.

या कामात आपल्या देशाचा वाटा मोठा आहे, आणि तो पुरेसा सांगितला जात नाही. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रा. एम. विजयन यांच्या गटानं, प्रा. अवधेश सुरोलिया यांच्यासोबत, शेंगदाण्याच्या लेक्टिनची रचना उलगडली. ती १९९४ मध्ये प्रसिद्ध झाली. घडी कॉन-एच्याच कुळातली. पण चार तुकडे एकत्र बसायची पद्धत अगदी वेगळी होती. चार सारखे तुकडे सहसा नेटक्या सममितीत बसतात, इथे ते तसे बसलेले नव्हते. घर त्याच आखणीचं, पण चार घरांची चाळ वाकडी बांधलेली.

मग १९९६ मध्ये याच गटानं जॅकलिनची रचना प्रसिद्ध केली. जॅकलिन म्हणजे फणसाच्या आठळीतलं लेक्टिन. 'जॅक' हे फणसाचं इंग्रजी नाव पोर्तुगीज 'जाका'वरून आलं आणि पोर्तुगीजांनी ते मल्याळम 'चक्का'वरून घेतलं. म्हणजे प्रयोगशाळेतल्या या नावात आपल्या पश्चिम किनाऱ्याचा फणसच लपलाय. आणि घडी निघाली ती लेक्टिनांत तोवर न पाहिलेली: तीन चादरी तिकोनी लोलकासारख्या उभ्या. शेंगदाण्याशी काही संबंध नाही. म्हणजे एकच जोडसाखर धरायला निसर्गानं दोन अगदी वेगळी अवजारं घडवली. विळीनंही नारळ खवता येतो, यंत्रानंही. म्हणून विळी आणि यंत्र भावंडं होत नाहीत.

लसणाचं लेक्टिनही लोलकासारखंच आहे. पण जॅकलिनमध्ये पट्ट्या लोलकाच्या अक्षाला समांतर, तर लसणात आडव्या. म्हणून ते दोन वेगळे लोलक मानतात, पहिला आणि दुसरा. दिसण्यात सारखे, पण नातं धरत नाहीत.

आणि आठळीतली ती दोन लेक्टिनं, जॅकलिन आणि आर्टोकार्पिन? एका झाडाची, एका बीमधली, एका घडीची, क्रमातही स्पष्ट साम्य असलेली. सख्खी भावंडं. पण जॅकलिन गॅलॅक्टोज धरतं, आर्टोकार्पिन मॅनोज. फरक कुठे? जॅकलिनची माळ तयार झाल्यावर एका जागी कापली जाते. त्या कापानं जे नवं टोक उघडं पडतं, ते गॅलॅक्टोज धरायला मदत करतं. आर्टोकार्पिनची माळ अखंडच राहते. एका कात्रीच्या कापानं एका भावाचा धंदा बदलला.

घडी बघण्याचाही एक धोका आहे, तो सांगायला हवा. कॉन-एची सँडविच घडी माणसाच्या आणि जनावरांच्या शरीरातल्या गॅलेक्टिन नावाच्या प्रथिनांतही दिसते, पण क्रमात साम्य जवळजवळ नाही आणि साखर बसण्याची जागाही वेगळी. जॅकलिनची घडी दिसते बीटी कापसातल्या क्राय प्रथिनाच्या मधल्या भागात. आता विदर्भातला कापूस आणि कोकणातला फणस यांचं नातं सांगायचं का? क्राय तर मुळात जिवाणूचं. घडी सारखी असणं हे नात्याचं बलवान लक्षण आहे, पण पुरावा नव्हे. म्हणून रचनेच्या संग्रहांत पायऱ्या ठेवतात. कुळ म्हणजे जवळचं, स्पष्ट नातं. महाकुळ म्हणजे दूरचं, पण बहुधा खरं नातं. आणि नुसती 'घडी' म्हणजे आखणी सारखी आहे, नात्याबद्दल आम्ही काही म्हणत नाही.

एका घरात दोन बिऱ्हाडं

आता बाईंच्या निरोपातल्या त्या ओळीकडे येऊ. रिसिन.

रिसिनचे दोन भाग असतात, एका बंधानं जोडलेले. ब भाग साखर धरतो, तो लेक्टिन. अ भाग साखर वगैरे काही धरत नाही, तो विकर आहे. पेशीत प्रथिनं बनवणारी यंत्रं असतात, रायबोसोम. त्यांच्या आरएनएच्या हजारो अक्षरांतून अ भाग एका ठरावीक जागचं एकच अॅडेनिन काढून टाकतो. एवढंच. रायबोसोम कायमचा बंद. आणि एक झालं की दुसऱ्याकडे, मग तिसऱ्याकडे. एंडो आणि त्सुरुगी यांनी हे १९८७ मध्ये दाखवलं.

म्हणजे मारतो कोण? अ. आणि ब काय करतो? पेशीच्या दारावरची साखर धरून अ ला आत नेतो. ब हा रिक्षावाला आहे, चोर मागे बसलाय.

याची तपासणी निसर्गानंच करून ठेवली आहे. गहू आणि बार्लीच्या दाण्यांत अ सारखं प्रथिन असतं, ब नसलेलं. कारल्याच्या बियांतही असतं. चोर आहे पण रिक्षा नाही, म्हणून तो दाराबाहेरच राहतो. रिसिनच्या तुलनेत त्याची बाधा फार कमी. तेव्हा वर्गीकरणाचं एकक अख्खं प्रथिन धरून चालत नाही. एक स्वतंत्र घडी घेणारा भाग, ज्याला आपण प्रक्षेत्र म्हणू, तो धरावा लागतो. रिसिनला दोन प्रक्षेत्रांची दोन वेगळी कुळं आहेत. 'रिसिन लेक्टिन आहे' हे वाक्य खरं, पण रिसिनचं विषारीपण त्याच्या लेक्टिन असण्यात नाही.

जाता जाता, एरंडेल तेल घेणाऱ्यांनी घाबरू नका. रिसिन पाण्यात विरघळणारं प्रथिन आहे. ते तेलात न येता पेंडीत राहतं. म्हणूनच ती पेंड खत म्हणून घालतात, गुरांना चारा म्हणून तशीच घालत नाहीत.

आडनाव आहे, धंदा नाही

आता उलटा प्रकार. घेवड्याच्या, म्हणजे राजम्याच्या बीमध्ये एक लेक्टिन आहे, फायटोहिमॅग्लुटिनिन. त्याची दोन जवळची भावंडं त्याच जातीत सापडतात. एक आर्सेलिन, मेक्सिकोतल्या रानटी घेवड्यांत मिळालेलं. ते बियांना भुंगेऱ्यांपासून वाचवतं. दुसरं किडीच्या पोटातलं पिष्ट पचवणारं अमायलेज हे विकर अडवतं. क्रम जुळतो, घडी जुळते. संगणकाला विचाराल तर तो बेधडक 'लेक्टिन' म्हणेल. पण साखर धरण्याची जागा इथे मोडलेली आहे. आडनाव पाटील, काम बँकेत.

या दुसऱ्या भावाची एक कथा आहे, आणि ती नीट ऐका. ऑस्ट्रेलियात सीएसआयआरओ या सरकारी संस्थेतल्या संशोधकांनी घेवड्यातलं हे जनुक वाटाण्यात घातलं. वाटाण्याला भुंगेरा लागेना. यश! पण २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, तो वाटाणा खाल्लेल्या उंदरांच्या प्रतिकारशक्तीनं प्रतिक्रिया दिली, आणि प्रकल्प थांबवण्यात आला. अमिनो आम्लांचा क्रम तोच होता. मात्र वाटाण्यानं त्या प्रथिनावर साखरेच्या साखळ्या थोड्या वेगळ्या चढवल्या होत्या. पुढे २०१३ मध्ये दुसऱ्या एका अभ्यासात उंदरांनी घेवड्यातल्या मूळ प्रथिनालाही तशीच प्रतिक्रिया दिली, त्यामुळे पहिल्या निष्कर्षावर वाद झाला. मी इथे कुणाची बाजू घेत नाही. मुद्दा एवढाच, की क्रम सारखा म्हणजे वागणूक सारखी, हे गृहीत धरता येत नाही आणि परिणाम सारखा की वेगळा हे शेवटी प्रयोगानंच ठरतं.

मग कुळं किती?

हे सगळं एकत्र करून बेल्जियममधले विली प्यूमन्स आणि एल्स व्हान डॅम यांच्या गटानं १९९८ मध्ये वनस्पतींतल्या लेक्टिनांची सात कुळं मांडली: शेंगवर्गीयांचं, लसूण-स्नोड्रॉपसारख्यांचं, हेवीन प्रक्षेत्र असलेलं, ज्यात गव्हाचं लेक्टिन येतं, रिसिन-अॅब्रिनचं, जॅकलिनचं, राजगिऱ्याच्या वर्गातलं, आणि भोपळा-काकडीच्या रसवाहिन्यांतलं. पुढे जनुकांचे क्रम वाढत गेले तशी ही संख्या बारावर गेली. यात एक छान शोध झाला. भाताच्या रोपाला खारं पाणी मिळालं की एक प्रथिन वाढतं, हे १९९० मध्येच नोंदलं होतं; ते काय करतं ते ठाऊक नव्हतं. क्रम जुळवल्यावर ते जॅकलिनच्या कुळातलं निघालं, आणि तपासल्यावर खरंच मॅनोज धरताना दिसलं. क्रमानं अंदाज दिला, प्रयोगानं शिक्कामोर्तब केलं. काम असं व्हायला हवं.

म्हणून कुठलंही प्रथिन समोर आलं की तीन प्रश्न विचारायचे. क्रम कुणाशी जुळतो, आणि किती लांबीत? घडी कोणती, आणि प्रक्षेत्रं किती? आणि प्रत्यक्ष काम काय, ते कुणी करून पाहिलंय की नुसतं नावावरून लिहिलंय? संग्रहांतल्या बहुसंख्य प्रथिनांच्या नावापुढचं काम कुणी प्रयोगशाळेत पाहिलेलं नसतं, ते साम्यावरून उतरवलेलं असतं. एक चुकीचं लेबल पडलं की त्यावरून शंभर नकला होतात. आणि मग मोबाइलवर निरोप येतो.

बाईंच्या आमटीचं काय?

तूर, मूग, मसूर, शेंगदाणा यांची लेक्टिनं शेंगवर्गीय कुळातली. त्यांना साखर धरता येते, रायबोसोम कापता येत नाही. ते प्रक्षेत्रच त्यांच्याकडे नाही. रिसिनशी त्यांचं नातं फक्त आडनावाचं. आणि कुकरमध्ये डाळ शिजली की त्यांची घडी मोडते. घडी मोडली की साखर धरणारा हात गेला.

पण म्हणून सगळं निर्धास्त असंही नाही. राजमा हा खरा अपवाद. त्यातलं लेक्टिन जोरकस असतं. कच्चे किंवा अर्धकच्चे चार-पाच दाणेसुद्धा काही तासांत ओकाऱ्या आणि जुलाब सुरू करायला पुरतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा सल्ला असा: निदान पाच तास भिजवा, ते पाणी टाका, नव्या पाण्यात निदान अर्धा तास खळखळून उकळा. मंद आचेच्या विजेच्या भांड्यात नुसता कोमट शिजवू नका. अर्धवट तापमानात त्रास कमी होण्याऐवजी वाढू शकतो. आपला कुकर हे काम चोख करतो. मी बाईंना एवढंच म्हटलं: आमटी करा, राजमा नीट शिजवा, आणि निरोप पुढे पाठवू नका.

श्रोत्यांचे दोन प्रश्न

*आता संगणक घडी आपोआप सांगतो म्हणतात. मग हे सगळं संपलं का?*

अल्फाफोल्डबद्दल विचारताय. २०२२ पर्यंत त्यानं वीस कोटींहून जास्त प्रथिनांच्या घड्यांचे अंदाज खुले केले. फार मोठी गोष्ट आहे. क्रमाच्या अंधारातली कितीतरी नाती आता दिसू लागली आहेत. पण जॅकलिनचा तो काप, कॉन-एची उलटलेली माळ, वाटाण्यानं चढवलेली साखर, हे जनुकाचा क्रम दिल्यावर आपोआप समजत नाही. आणि घडी दिसली तरी काम करून बघावंच लागतं.

*माझ्या मुलीला रबरी हातमोज्यांची अॅलर्जी आहे. डॉक्टर केळं जपून खा म्हणाले. याचा संबंध आहे का?*

आहे, आणि हे वर्गीकरणाचं अगदी घरगुती उदाहरण आहे. रबराच्या चिकात हेवीन नावाचं त्रेचाळीस मण्यांचं छोटं प्रथिन असतं. केळं, अॅव्होकॅडो, चेस्टनट यांच्या काही विकरांवर तेच प्रक्षेत्र जोडलेलं असतं. शरीर रबर आणि केळं यांत फरक करत नाही, ते प्रक्षेत्र ओळखतं. म्हणूनच जनुक बदललेल्या पिकांची तपासणी करताना, नव्या प्रथिनातला ऐंशी मण्यांचा कुठलाही तुकडा माहीत असलेल्या अॅलर्जीकारक प्रथिनाशी पस्तीस टक्क्यांहून जास्त जुळतो का, हे कोडेक्सच्या मार्गदर्शनानुसार पाहतात. ती पहिली चाळणी, शेवटचा निकाल नव्हे. तसंच प्रत्येक रबर-अॅलर्जीवाल्याला केळं बाधतंच असंही नाही; तुमच्या मुलीचं काय ते डॉक्टरांनी तपासूनच ठरवायचं. डॉक्टर बरोबर बोलले, त्यांचं ऐका.

पुढच्या वेळी आपण गव्हाच्या ग्लुटेनकडे येऊ. तिथेही एका नावाखाली किती जण लपलेत ते बघू.